हौद्याचा आवाज

बारकीने हौद्याला मारायच्या जाड लेपाच्या बाटलीत पोपटी रंगाची डबी पालथी केली, वरून लेप कडक करणारा हार्डनर ओतला, झाकण घट्ट लावलं आणि दोन्ही हातांनी बाटली अशी काही घुसळायला घेतली की शेजारच्या गॅरेजमधून कंप्रेसरची नळी ओढत येणारे पेंटरकाका वाटेतच हसायला लागले. गाडी रंगवतेयस की पोपट पाळतेयस, असं त्यांनी विचारलं. पोपटच, बारकी म्हणाली, फक्त न बोलणारा.

म्हणाली आणि तिने जीभ चावली. पिकअपच्या हौद्यात बाबा गुडघ्यांवर बसून थिनरच्या फडक्याने पत्रा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सगळा हौदा पुसून कधीच झाला होता. दोन दिवस दोघांनी पॉलिश पेपर घासघासून जुन्या रंगाची चकाकी उतरवली होती, कारण चकाकी राहिली तिथे लेप धरत नाही, सालीसारखा सुटून येतो. बारकीच्या बोटांची टोकं सोलवटली होती आणि ती शाळेत सगळ्यांना दाखवून झाली होती. आता उरला होता एकच कोपरा, केबिनच्या मागचा, डावीकडचा. बाबा दहा मिनिटं तोच पुसत होते.

खटपट चालली होती ती त्या कोपऱ्यासाठीच. माल चढवून झाला की दादा तिथे उभा राहायचा आणि केबिनच्या पत्र्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. गेल्या वर्षी आठ दिवसांच्या तापात दादा गेला. तेव्हापासून रिकामी गाडी खड्ड्यातून गेली की त्या कोपऱ्यातून थाप यायची. एकच. आणि बाबांचा पाय ब्रेकवर जायचा.

भूतबित काही नाही, पत्र्याच्या वेल्डिंगचा टाका सुटलाय, असं पेंटरकाकांनी खाली वाकून, ठोकून दाखवलं होतं. जाड लेप बसला की आवाजही बसेल. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रेक मारला होता. तोही भर रस्त्यात. मागचा स्कूटरवाला हौद्याच्या मागच्या फाळक्यावर येऊन आदळला. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण त्या संध्याकाळी आई ओरडली नाही, आणि घरात तेच जास्त भीतीचं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "पुन्हा असं झालं तर किल्ली माझ्याकडे द्यायची. मला भिंतीवर आणखी एक फोटो नकोय."

वीस वर्षं बाबा ती गाडी चालवत होते. किल्ली गेली की बाबा दिवसभर त्या भिंतीसमोर बसणार, हे बारकीला कुणी समजावून सांगायला नको होतं. म्हणून तिनेच दुकान शोधलं, तिनेच लेप आणला. बाबा काळा म्हणाले होते. पण उंचीने आईच्या पुढे गेल्यापासून बारकी हो ला हो म्हणणाऱ्यांतली उरली नव्हती. काळ्याने हौदा विहिरीसारखा दिसेल, असं तिने ठणकावून सांगितलं आणि पोपटी आणला.

"बाबा, उतरा आता. बाटलीतलं घट्ट होईल."

"झालंच."

झालं नाही. शेवटी ती वर चढली आणि तिने त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. त्यांनी ते दिलं. तळवा मात्र पत्र्यावर थोडा वेळ तसाच राहिला.

मग तिने मास्क चढवला, गन धरली आणि केबिनच्या बाजूने सुरुवात केली. पोपटी दाणेदार फवारा पत्र्यावर बसत गेला. त्या कोपऱ्याशी आल्यावर तिचा हात उगाच भरभर चालला. पेंटरकाका खालून म्हणाले, तिथे पातळ पडलंय, पुन्हा मार. तिने पुन्हा मारलं. तासाभराने दुसरा हात दिला, तेव्हा तो कोपरा तिने सगळ्यांत जाड केला. बाबा फाटकाशी पाठ करून उभे होते.

तीन दिवस वाळवून, चौथ्या दिवशी दुपारी दोघं निघाले. सावकाश, असं आई म्हणाली ते बाबांना, पण पाहत होती बारकीकडे.

डेपोमागच्या रस्त्याची पार चाळण झाली होती. पहिल्या खड्ड्यात गाडी आपटली. मागून धप्प असा काहीतरी आवाज आला, उशी पडल्यासारखा. बाबांचा पाय हलला नाही. दुसरा खड्डा. तिसरा. बारकीला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. आईला कसं सांगायचं, सुरुवात कुठून करायची, पेंटरकाकांसमोर किती भाव खायचा, याची वाक्यंही तिने मनात जुळवून टाकली.

घराचं वळण मागे पडलं. बाबांचं लक्ष नसेल, असं तिला वाटलं. पुढे रस्त्याचा एक पट्टा चांगला होता आणि डाव्या कडेला एक मोठा खड्डा. बाबांनी चांगला पट्टा सोडून गाडी डावीकडे घेतली.

धप्प.

त्यांनी गाडी वळवली, परत आणली आणि त्याच खड्ड्यात घातली. या वेळी जोरात. बारकीचं डोकं काचेवर आदळता आदळता राहिलं. तिने बाबांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते. मान किंचित तिरकी होती, केबिनच्या मागच्या पत्र्याकडे.

बारकीच्या मनातली वाक्यं एकेक करून गळून पडली.

"बाबा, आई वाट बघत असेल."

"हो." त्यांनी गाडी पुन्हा वळवली. थांबले. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी पँटला पुसले. "एकदाच अजून जातो. कसं आहे, मघाशी समोरून ट्रक गेला ना. नीट ऐकू आलं नसेल."

समोरून ट्रक गेला नव्हता. रस्ता रिकामाच होता.

बारकीच्या बाजूची खिडकी अर्धी उघडी होती आणि डेपोतल्या यंत्राची घरघर आत येत होती. तिने हँडल फिरवून काच पूर्ण वर केली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपलीही काच वर घेतली आणि पहिला गिअर टाकला.

खड्डा जवळ आला तसा बारकीने श्वास रोखून धरला.