उलटा उडणारा बगळा

बाबांनी बावीस वर्षं विमानं रंगवली. एका मालवाहू कंपनीची तीनच विमानं, शेपटीवर बगळा. पुढे कंपनी बुडाली, विमानं भंगारात गेली. मध्यंतरी मी इंटरनेट पालथं घातलं, तर कंपनीचं नावसुद्धा सापडेना. बाबा म्हणाले, "मग मी रंगवलं काय, हवा?"

हसत म्हणाले, पण मला लागलं.

मी पन्नाशीत संगणकावर विमानं उडवण्याचा खेळ खेळते. त्यातल्या विमानाला हवा तो रंग चढवता येतो. म्हटलं, बाबांनी "हेच ते" म्हणेपर्यंत आता थांबायचं नाही.

हाताशी होता डाव्या बाजूचा एक कृष्णधवल फोटो. रंग कुठून आणायचा? मग आठवलं, उरलेल्या रंगात बाबांनी आमच्या बाथरूमचं दार रंगवलेलं! कॅमेरा घेऊन मी दाराला भिडले.

"कोण आहे?" आतून आई.

"मी. दाराचा फोटो काढतेय."

"बापाची लेक! मला बाहेर तरी येऊ दे!"

तीन आठवडे खपले. उजव्या बाजूचा फोटो नव्हता, पण बगळ्याची चोच विमानाच्या नाकाकडेच असणार, त्यात काय विचारायचं? रविवारी सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. डावी बाजू दिसताच ते पुढे सरकले. "अगं, हे तर आपलं दार!" मी विमान फिरवलं. उजवी बाजू आली आणि बाबा मागे टेकले.

"छान आहे. पण आमचं नाही."

माझं तोंड उतरलं. "काय चुकलं?"

"काहीच चुकलं नाही. तीच तर भानगड आहे." बाबांनी चष्मा पुसला. "छापा एकच होता, डाव्या बाजूचा. घाईत तोच न उलटवता उजवीकडे ठेवला. बगळ्याची चोच मागे! विमान सुटायला तासभर. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, उरलेली दोन्हीही अशीच रंगव, म्हणजे चूक वाटणार नाही."

"आणि मला सांगायचे, कंपनीची स्टाईल आहे!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. तशीच बसले आणि उजवीकडचा बगळा उलटा फिरवला.

बाबा ताडकन उठले. "हेच! हेच ते! सरक तू."

विमान धावपट्टीवर सुसाट सुटलं. आई पळी घेऊन मागे उभी. बगळा मागे, आम्ही पुढे, समोर कुंपण.

"वर घ्या, बाबा, वर!"

"कसं घेऊ? मी नुसता रंगवायचो!"