खोगिरातली सवत

उकडलेले अर्धे अंडे. वाफेने धुरकटलेला आरसा. बोटातून निसटणारी अंगठी. खिळ्याने ओढलेली रेघ.

मित्रांनो, या साऱ्यांशी माझा संबंध आहे. मी शिशाची एक जुनी पट्टी आहे, तुमच्या तळहाताएवढी. शर्यतीत कोणत्या घोड्याने किती ओझे न्यायचे, हे आधी ठरलेले असते. स्वार हलका भरला, तर आम्हा पट्ट्यांना खोगिराच्या खिशात घालून वजन पुरे करतात.

आमचा स्वार चिमण्या फारच हलका. तो वजनकाट्यावर बसला की काटेवाला म्हणे, "जरा घट्ट बस रे. वारा सुटला तर घोडा एकटाच पोहोचायचा."

पण पहिली मोठी शर्यत चिमण्यानेच मारली. खोगीर उतरले, पट्ट्या इतर पट्ट्यांच्या खोक्यात परत पडल्या. त्याने खोक्यात हात घालून मला उचलले, माझ्यावर खिळ्याने रेघ ओढली आणि म्हणाला, "हिचाच पायगुण."

मला पाय नाहीत. तरीही मी हुरळले.

वर्षे गेली. कपाट चषकांनी भरले, तसे चिमण्याचे अंगही भरले. खिशातून एकेक पट्टी निघाली. उरले मी एकटी. मला खोगिरात जागा हवी, तर त्याने माझ्या वजनाइतके घटायला हवे. मग तो वाफेत घाम गाळी आणि अंडे अर्धेच खाई.

एका शर्यतीच्या सकाळी बूट चढवताना तो कोसळला. सैल झालेली अंगठी घरंगळत कोपऱ्यात गेली. बायकोने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि त्याच्या मुठीतून मला सोडवले.

"तिला ठेव नीट," तो पुटपुटला. "तिच्याशिवाय मी जिंकत नाही."

"घोडा पळतो की ही?"

त्याने मला परत घ्यायला हात पुढे केला.

"अहो, सवत आणायची तर जेवू घालणारी तरी आणायची. ही तर उपाशी मारतेय तुम्हाला."

त्याला हसू आले, पण हसायलाही ताकद नव्हती. माझ्याकडे बराच वेळ पाहून त्याने उरलेले अर्धे अंडे मागितले.

त्या दिवशी घोड्यावर दुसराच स्वार बसला. पुढची शर्यत चिमण्या माझ्याविना धावला. तिसरा आला, पण या वेळी घोड्यावरून कुणाचा हात न धरता उतरला.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघराचे दार अडवून बसते. वाऱ्याने ते आपटू नये, एवढेच माझे काम. मित्रांनो, आवडती वस्तू जरूर जपा, पण तिच्यासाठी स्वतःचे पोट मारू नका. वस्तूला भूक कळत नाही.

आणि हो, त्या पहिल्या मोठ्या शर्यतीत त्याच्या खोगिरात दुसऱ्या पट्ट्या होत्या. मी खोक्यातच होते.