भाजका पोत

ताई आणि तिचा धाकटा भाऊ घराच्या पुढच्या खोलीत वेबसाइटच्या पार्श्वभूमी बनवायचे. भिंत, गोणपाट, गंज, लाकूड, काहीही. भाऊ फोटो काढून आणायचा. ताई त्यातला चौकोनी तुकडा घेऊन कडा अशा जुळवायची, की तो शेजारी शेजारी कितीही वेळा मांडला तरी सांधा दिसू नये. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एका बेकरीला भाजलेल्या पावाच्या कवचासारखा पोत हवा होता. भावाने आणलेला फोटो ताईला बघताक्षणी आवडला. तपकिरी, खवलेदार, मधूनमधून गुलाबी भेगा.

"कसला आहे रे?"

"वाळलेली माती."

दुपारभर खपून तिने कडा जुळवल्या. कोपऱ्यात कोयरीसारखा पांढुरका डाग होता, तोही छान वाटला म्हणून राहू दिला. बेकरीवाल्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी बिस्किटांचा डबा पाठवला.

बाबा मागच्या खोलीत असायचे. त्यांच्या पायांना जुना त्वचारोग होता. मलम ते स्वतःच लावत, पाय कुणाला दाखवत नसत. त्या आठवड्यात मात्र त्यांची कंबर धरली आणि मलम लावायला ताई बसली. तिने चादर सरकवली. नडगीवर तीच पांढुरकी कोयरी होती.

तिचा हात आपसूक मागे आला.

"किळस वाटते ना? राहू दे," बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा."

"धाकट्याने फोटो पाठवलेत डॉक्टरांना. काही कळलं का? नीट दिसावं म्हणून त्या दिवशी मी मलमही लावलं नव्हतं."

ताईने मलम लावलं, हात धुतले आणि पुढच्या खोलीत येऊन बेकरीची साइट उघडली. वरपासून खालपर्यंत बाबांची नडगीच नडगी, आणि तिच्यावर क्रीम रोल मांडलेले. "ही वाळलेली माती?" तिने भावाला विचारलं.

भाऊ डब्यातलं बिस्किट खात होता. "अगं, मागचं कोण बघतं? तुला तरी कळलं का?"

ती मोरीकडे धावली. ओकारी थांबली, पण किळस गेली नाही. ज्या बोटांनी तिने त्या भेगा कौतुकाने एकमेकींना जोडल्या होत्या, ती बोटंही तिला नकोशी झाली.

तिने बेकरीवाल्या बाईंना फोन लावला. "तो पोत काढून टाका."

"का हो? लोक म्हणतात, बघूनच भूक लागते."

"तो एका आजारी माणसाचा पाय आहे."

बाईंनी फोन ठेवून दिला. तासाभरात साइट कोरी पांढरी झाली. "धंद्याची माती केलीस," म्हणत भावाने आदळआपट केली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना दवाखान्यात घेऊन गेली.

"फोटो बघितलेत ना?" बाबांनी विचारलं.

"कसले फोटो?" डॉक्टर म्हणाले.

बाबांनी ताईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तपासणी झाली, नवं औषध मिळालं. घराच्या दाराशी बाबा थांबले. "माझ्या पायाचा फोटो कुठे लावलाय?"

ताईने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पायजमा घोट्यापर्यंत खाली ओढला.

"त्याला बोलू नकोस काही. पोरगं आहे अजून."

संध्याकाळी भावाने चहा केला. बाबांनी कप घेतला आणि ते निमूटपणे प्यायले. ताईला ते बघवेना. भावाने दिलेला कप तसाच ठेवून ती उठून अंगणात गेली आणि थुंकली.