वन्संना शहर दाखवताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत वन्सं राहायला येणार म्हटलं की ती आठवडाभर आधीपासून घर झाडत सुटायची. वन्संचं आयुष्य कापडगिरणीत ताग्यांतले दोष शोधण्यात गेलेलं. नोकरी संपली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. आल्या दिवशी त्यांनी पडद्याची उसवलेली शिवण शोधली, दुसऱ्या दिवशी कपाटामागचं जाळं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांकडे वळताहेत असं दिसताच ती घाईघाईनं म्हणाली, "वन्सं, ऊन चढायच्या आत जुनं शहर बघून येऊ या का?"

नवरा चहाच्या कपाआड हसला.

वेशीतून आत शिरल्यावर तिनं वर्गात शिकवावं तसं सुरू केलं: हा दरवाजा कुणी बांधला, तो मनोरा कधीचा. वन्संचं लक्षच नव्हतं. त्या भिंतीपाशी वाकून उभ्या होत्या.

"इकडे ये. या विटेवरून मांजर गेलंय."

खरंच, विटेत पंजा उमटला होता. ओली वीट वाळत पडलेली असताना मांजर ऐटीत वरून गेलं असणार, आणि वीटवाल्यानं ती तशीच भाजली असणार. या भिंतीजवळून ती रोज स्कूटरवरून शाळेत जायची. पंजा आज दिसला.

मग काय, वन्संची गाडी सुटलीच. खिडकीच्या जाळीत सुतारानं एक फूल उलटं बसवलेलं. विहिरीच्या काठाला दोरानं पडलेल्या खाचा. एका दाराला दोन कड्या, एक वर, एक पार खाली. "खालची पोरांच्या हाताला पुरावी म्हणून. बरीच असतील घरात," वन्सं म्हणाल्या. घरात कानाला करवतीसारखा लागणारा तो आवाज इथे गोष्ट सांगितल्यासारखा वाटत होता.

एका कमानीच्या सावलीत दोघी टेकल्या. वर दगडी हंसांची रांग होती. तिनं सहज मान वर केली.

"वन्सं, तो एक हंस मागे बघतोय."

वन्संनी चष्मा सारखा केला. बराच वेळ बघितलं. "मला नव्हता दिसला."

"मागचा काहीतरी टोचून बोलला असेल त्याला."

वन्सं खुदकन हसल्या, मग चष्मा काढून पदरानं पुसू लागल्या. "माझं बोलणं तुला टोचतं, कळतं मला. पण डोळ्यांना सुट्टी कशी द्यायची, ते मला जमलंच नाही बघ."

तिनं पुन्हा वर त्या हंसाकडे बघितलं. मग म्हणाली, "सुट्टी कशाला? रोज इकडे कामाला लावू त्यांना."

दुसऱ्या दिवशी नवरा उठला तेव्हा दोघी दारात चपला घालत होत्या.

"मला नाही नेणार?"

"नको रे," वन्सं म्हणाल्या, "तू फार भरभर चालतोस."