दोन बोटांची जागा

मास्तरांनी दोरी मध्यावर दुमडली, बाईंच्या पाठीमागे जुळवलेल्या हातांवरून पहिला वेढा घेतला आणि विचारलं, "लेकीला फोन केलास ना? नाहीतर नेमकी आत्ताच तिला आईची आठवण यायची."

"केलाय. म्हटलं, रविवारी दुपारी आम्ही दोघं झोपतो."

"झोपतो म्हणे! धडधडीत थाप."

"मग काय सांगू? तुझा बाप मला बांधतोय?"

मास्तर हसले. ते शिंपी. रविवारी मशीनवर खोळ पडायची, खिडकीचा पडदा ओढला जायचा आणि जमिनीवर सतरंजी यायची. लेक परगावी गेली, घर खायला उठलं, तेव्हा दोघं एका जपानी गुरूंच्या वर्गाला जाऊ लागले होते. दोरीने माणसाला बांधायची त्यांच्याकडची जुनी कला. पहिल्या दिवशी लाजेने दोघांची मान वर होईना. गुरू म्हणाले, माणूस पळू नये म्हणून बांधायचं नाही, सांडू नये म्हणून बांधायचं. बाईंना ते तिथल्या तिथे पटलं.

कारण बाई रोज सांडत होत्या. मोठ्या इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी. एक्स-रे कुठे, डॉक्टर कधी येणार, आमचा माणूस वाचेल ना? दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. गावभर त्यांचं नावच चौकशीबाई पडलेलं. दोरीचे दोनतीन वेढे छातीवरून फिरले की मात्र त्यांचे शब्द आपोआप गळून पडत. भजन संपल्यावर मंडळी निघून जातात आणि मागे देवाजवळ नुसती शांतता उरते, तशी शांतता. त्या तासात बाई बोलत नसत. मास्तरही त्यांना बोलायला लावत नसत.

नियम दोनच होते. दोरी आणि अंग यांच्यात दोन बोटं शिरतील एवढी जागा हवी. "म्हणजे उखळाशी बांधायला निघालेल्या त्या माउलीसारखं," बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तिच्याही दाव्याला दर वेळी दोन बोटं कमीच पडायची." आणि मधूनमधून मास्तरांनी आपली दोन बोटं बाईंच्या बांधलेल्या मुठीत द्यायची, बाईंनी दाबायची. दाब आला की हात जागा आहे. नाही आला तर कात्री.

दोरी तागाची. मास्तरांनी स्वतः उकळलेली, ताणून वाळवलेली, वरची कुसळं जाळून तेल चोळलेली. ती पाठीवरून सरसरत गेली. बाईंचा श्वास लांब झाला. मुठीत दोन बोटं आली, त्यांनी दाबली.

"दाब ना."

बाईंनी पुन्हा दाबली.

"अगं, दाब!"

आता बाईंनी नखं रुतेपर्यंत दाबली. मास्तरांचा आवाज फाटला. "हात गेला हिचा!" कात्री कचकच चालली. इतक्या मायेने जोपासलेल्या दोरीचे तुकडे सतरंजीवर पडले. बाईंचे हात पुढे घेऊन मास्तर ते चोळू लागले.

"मुंग्या येताहेत? बोटं हलव. हलव गं. मीच घट्ट आवळलं. बास झालं आता, पुन्हा दोरीला हात लावणार नाही मी."

बाईंनी दाही बोटं हलवली. सगळी धडधाकट होती. मग त्यांनी मास्तरांचा उजवा हात उलटा केला. टोकांवर सुई टोचल्याचे बारीक काळे ठिपके होते, काही ताजे. दोन बोटांवर लालभडक चंद्रकोरी उमटल्या होत्या.

गप्प राहिलं तर हा माणूस उगाच स्वतःला अपराधी ठरवून हे सगळं गुंडाळून ठेवणार. बोललं तर…

"मी दाबलं होतं," बाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा."

मास्तर त्या चंद्रकोरींकडे पाहत राहिले. परक्याचा हात पाहावा तसे.

"कधीपासून बधिर आहेत?" बाईंनी विचारलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी टोकं, मग…" त्यांनी हात मागे घेतला. "सांगणार होतो."

"मग काय, मुहूर्त बघत होतात?"

"तुला कळलं असतं तर तू बांधून घेतलं नसतंस."

बाईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच खेकसल्या. "उद्या सकाळी माझ्याबरोबर इस्पितळात यायचं. कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते मला विचारा, जन्म गेलाय माझा तेच सांगण्यात."

"हो."

"आणि दुसरी दोरी काढा."

"डोकं फिरलंय का तुझं? घट्ट का सैल, मला कळत नाही आता!"

"हात बांधायचे नाहीत. नुसतं अंगाभोवती. कात्री माझ्याकडे द्या." बाई पाठ करून बसल्या. "मला कळतं ना."

मास्तरांनी कात्री पुढे केली. मग कपाटाचं दार वाजलं. दोरी खांद्याला टेकली, तिथेच थबकली.

बाईंनी डोळे मिटले. आतली ती शांतता दारात येऊन उभी होती. तिला तिथेच थांबवून त्या बोलल्या.

"सैल आहे."

दोरी सरकली.

"अजून जरा… हं. आता डावीकडून घ्या."

"असं?"

"असंच. ओढा थोडं."

"लागेल."

"लागलं तर सांगेन. ओढा."