मामांनी बघितलेला पट्टा

उंच इमारतींच्या काचा पुसणं हे माझं काम आणि उंचीला भिणं हा माझा स्वभाव. पोटासाठी माणूस काय काय करतो. आमचे मुकादम म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो, म्हणून बाकीचेही मामाच म्हणतात.

दोराला लटकण्याआधी प्रत्येकाचा कमरपट्टा मामा ओढून बघतात. तो नीट असला की ‘ठीक’ म्हणत नाहीत, एखादी म्हण ऐकवतात. म्हण मिळाली की कठड्यापलीकडे जायचं, अशी आमची रीत. माझी ठरलेली, “भित्यापाठी ब्रह्मराक्षस.” सगळे हसतात. मला राग येतो, पण जावयाने सासऱ्यावर डाफरायचं कसं?

त्या दिवशी नवे पट्टे आले होते. पट्टा काळा, बकलही काळंच. पट्टा बकलातून ओवायचा, उलटा वळवायचा आणि पुन्हा ओवायचा. एकदाच ओवला तरी हाताला घट्ट लागतो. अंगाचं वजन पडलं की मात्र हळूहळू सरकत सुटतो. पट्टे आणणारा हे दाखवत होता, तेव्हा लंबू चहा घेत होता. लंबू म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात घायकुता गडी. मामांनी त्याचा पट्टा ओढला, “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” म्हणाले आणि गच्चीवरच्या दोर ओढणाऱ्या मोटारीने त्याला खाली सोडलं.

मग माझी पाळी. मी नेहमीसारखं सगळं दोनदोनदा चाचपत होतो, म्हणून मामांच्या कमरेकडे नजर गेली. कठड्यावर ओणवं होऊन मोटार चालवायची, तेव्हा पट्टा त्यांनाही लागतो. तो एकदाच ओवलेला होता. सगळ्यांचे पट्टे मामा बघतात, पण मामांचा कोण बघणार? वडीलधाऱ्यांना विचारायचं कसं, म्हणून इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

“मामा,” मी म्हणालो, “दिव्याखाली अंधार.”

ते भडकले. जावयाने आपल्याला म्हण ऐकवावी म्हणजे काय! मी नुसतं बकलाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान खाली घातली, डोळे बारीक केले, मग बोटांनी चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

“काळ्यावर काळं मला दिसत नाही रे,” ते हळूच म्हणाले. “मी नुसतं ओढून बघतो.”

आम्हा दोघांना एकदमच लंबू आठवला.

मी कठड्यावरून वाकलो. इतका मी आजवर कधी वाकलो नव्हतो. लंबू एक मजला खाली शीळ घालत काच पुसत होता आणि त्याच्या बकलाबाहेर पट्ट्याचं जेमतेम बोटभर टोक उरलं होतं. ओरडलो तर हा दचकणार. म्हणून साध्या आवाजात सांगितलं, दोर दोन्ही हातांनी धर, अजिबात हलू नकोस, तुला वर घेतोय.

मामांनी बटण दाबलं, मोटार कुरकुरत दोर ओढू लागली. टोक आत आत जात होतं. मला देव आठवला. लंबू कठड्यापाशी येताच मी त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला अंगावर ओढून घेतलं. आम्ही दोघं गच्चीवर आपटलो. पट्टा त्याच्या कमरेवरून सुटून बाजूला पडला.

लंबूने तो पाहिलाच नाही. कोपर चोळत तो हसला.

“केवढा घाबरतोस रे! मामांनी बघितला होता की.”

मामा मोटारीपाशीच उभे होते. बटणावरचा हात काढायचं त्यांना सुचत नव्हतं.