जिथे ईनिड हसली

मी कॅसेट बोलतेय. व्हिडिओची, काळी, जाडजूड, आता कुणी फुकट दिली तरी घेणार नाही अशी. माझ्या पोटात एका विनोदी मालिकेचा शेवटचा भाग आहे. अख्खं इंग्लंड तिच्यावर पोट धरून हसलं आणि अजून हसतं. पण मी ज्या घरात जन्म काढला, त्या घरात ती लागली की एक माणूस रडायचा.

आम्ही तिघी बहिणी एकाच वेष्टनात होतो. १९८४च्या सप्टेंबरात हॅलिफॅक्सच्या बाजारातून क्लिफर्ड हेग नावाच्या माणसाने आम्हाला घरी आणलं. थोरलीच्या नशिबी रग्बीचे सामने आले, मधलीच्या नशिबी शेजारच्या नॉर्मा सग्डनच्या मुलीचं लग्न. मी कोरीच राहिले होते.

क्लिफर्ड तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. गालिच्यांची गिरणी बंद पडल्यावर तो वाचनालयाची गाडी चालवू लागला होता. टेकड्यांवरच्या वाड्यावस्त्यांना पुस्तकं पोचवायची आणि चारच्या ठोक्याला घरी यायचं. मुळात अबोल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची बायको ईनिड बसथांब्यावर उभ्या उभ्या कोसळली होती. हातातली पिशवीसुद्धा सुटली नाही म्हणे. घरात तिचे फोटो भिंतभर होते, पण तिचा आवाज कुठेच नव्हता. तो कधी जपून ठेवावा लागेल, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. घरात आता तो आणि सतरा वर्षांची मुलगी ग्लेनिस.

मी त्या घरात कामाला लागले ते नॉर्मामुळे. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती आणि गुरुवारी तिची संध्याकाळची पाळी असे. ती क्लिफर्डला म्हणाली, "आठ वाजता 'उथळ बाजू' पुन्हा दाखवतायत. माझ्यासाठी तेवढी भरून ठेव रे."

'उथळ बाजू' म्हणजे एका गावातल्या सार्वजनिक तरणतलावाची गोष्ट. तलावाचे व्यवस्थापक ओल्डरॉयड साहेब. गळ्यात शिट्टी, तोंडात नियम, आणि मनात एक गुपित, की साहेबांना पोहता येत नाही. तिकीट फाडणाऱ्या डोरीनला ते ठाऊक असतं. बारा भागांत साहेब पाण्यापासून कसे पळतात एवढंच त्यात आहे. त्या गुरुवारी शेवटचा भाग होता. त्यात साहेब अखेर पाण्यात पडतात, हातपाय झाडतात, देवाचा धावा करतात, सगळ्यांची क्षमा मागतात. काठावरून डोरीन शांतपणे म्हणते, "साहेब, उभे राहा." साहेब उभे राहतात. पाणी कमरेपर्यंत.

चित्रीकरण बघायला स्टुडिओत बसलेले तीनशे लोक खो खो हसले. पण ते हसायच्या आधी, अगदी डोळ्याचं पातं लवावं एवढं आधी, एक बाई हसली. आधी उचकीसारखा एक बारीक चीत्कार आणि मग किटलीला आधण यावं तसं चढत जाणारं हसू.

ते माझ्या फितीवर उतरत होतं आणि इकडे क्लिफर्डच्या हातातला कप बशीवर आपटला. तो वळला. टीव्हीकडे नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. "ईनिड?" तो म्हणाला.

दारात कुणी नव्हतं. थोड्या वेळाने त्याने मला मागे फिरवलं आणि पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. फीत कुठवर आली ते दाखवणारा यंत्रावरचा आकडा त्याने पेन्सिलीने माझ्या पाठीवर लिहिला. चारशे बारा.

दुसऱ्या दिवशी नॉर्मा आली. "काय रे क्लिफ, भरलीस ना?"

"भरली. पण देणार नाही."

"का? कुणाच्या लग्नात आहेर करायचाय?"

त्याने तिला बसवलं आणि मला चालू केलं. नॉर्मा सोफ्याच्या हातावर टेकली ती तशीच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही तर आपली ईनिड!"

"शहात्तर साली गिरणीची बस गेली होती ना मँचेस्टरला, हिचं चित्रीकरण बघायला..."

"मी होते की तुमच्या मागच्या रांगेत! तिच्या हसण्याने तो स्टुडिओतला पोरगेला माणूस धावत आला होता. 'कोण ते आधी हसतंय?' म्हणून. आणि ही कोट डोक्यावर घेऊन खाली वाकली." नॉर्मा हसता हसता डोळे पुसू लागली. "परमेश्वरा. ग्लेनिसला ऐकवलंस?"

"नाही. आणि तूही बोलू नकोस."

"वेडा आहेस का? पोरीला आईचा आवाज..."

"नॉर्मा, ऐक. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात ग्लेनिसच्या मैत्रिणी आल्या होत्या चहाला. ईनिड कशावर तरी हसली. तर पोरगी सगळ्यांदेखत म्हणाली, 'आई, अशी हसू नकोस गं, लाज वाटते.' त्यानंतर आठवडाभर ईनिड तोंडावर हात धरून हसायची. आणि मग ती गेलीच." त्याने यंत्र बंद केलं. "पोरीला आठवतंय ते. स्वतःच्या वाढदिवसाचा फोटो, ज्यात आई हसतेय, तो तिने भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आता हे कानावर घालू? तिला लागेल गं."

नॉर्माने मग मला मागितलं नाही.

माझा नेम ठरला. चार वाजता क्लिफर्ड यायचा, चहा टाकायचा, मला यंत्रात घालायचा. ग्लेनिसला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी बारीक करून, जिन्याकडे पाठ करून, टीव्हीला कान लावून रडत बसायचा. चारशे बारा. मागे. चारशे बारा.

बारीक केलेल्या आवाजाचा अर्थ पोरीने वेगळाच घेतला. तिला जिन्यावरून दिसायचं ते एवढंच, की आईला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि बाप चोरून विनोदी मालिका बघतो. एक दिवस ती कोट न काढताच खोलीत आली.

"बाबा, तुम्हाला काही वाटतं का?"

"काय झालं गं?"

"रोज! रोज तोच तलाव, तोच शिट्टीवाला. दफन झाल्यापासून तुम्ही एकदा तरी तिचं नाव घेतलंत का? एकदा तरी रडलात? आणि इथे हसणाऱ्या लोकांत जाऊन बसता!"

त्याचं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर आवाज वाढला असता आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मला श्वास असता तर मी तो रोखून धरला असता. त्याने बोट मागे घेतलं.

"बरं वाटतं जरा," एवढंच तो म्हणाला.

"तुम्हाला बरं वाटतं. छान." आणि ती जिना चढून गेली.

पुढच्या वर्षी ती ब्रिस्टलला शिकायला गेली आणि तिकडेच राहिली. नाताळला यायची, दोन दिवस राहायची, बापाशी हवापाण्याचं बोलायची. मला पाहिलं की तिच्या कपाळावर आठी यायची. "आहे का अजून ही?" म्हणायची. मी ती आठी कितीदा पाहिली आणि कितीदा वाटलं, की कुणीतरी माझा आवाज वाढवा.

वर्षं गेली. गंमत अशी, की मालिका काही म्हातारी होईना. दर दोन-तीन वर्षांनी ती कुठे ना कुठे लागायचीच. ज्यांचे आईबाप ती पहिल्यांदा लागली तेव्हा शाळेत होते अशी पोरं बसथांब्यावर एकमेकांना "साहेब, उभे राहा" म्हणायची. नॉर्मा एकदा म्हणाली, "काय आहे रे त्यात एवढं? ना नटी देखणी, ना कपडे धड."

क्लिफर्डने विचार करून सांगितलं, "त्यात कुणी जिंकत नाही. दर आठवड्याला साहेबांची फजिती होते, आणि सोमवारी ते शिट्टी घालून परत कामावर येतात. आपलं तरी दुसरं काय आहे?"

मी मात्र झिजत होते. फीत म्हणजे शेवटी पातळ पट्टीच, तिच्यावर एकाच जागी रोज घासलं तर काय होणार? आधी चारशे बाराला पांढऱ्या रेघा आल्या. मग आवाजात खरखर शिरली. ओल्डरॉयड साहेब बर्फात पडल्यासारखे दिसू लागले. एका हिवाळ्यात तो चीत्कार गेला, पुढच्या हिवाळ्यात हसू गेलं. राहिली ती नुसती खरखर. ज्या माणसाने मला जिवापाड जपलं त्याच्याच बोटाने त्याची बायको माझ्यातून पुसली गेली, आणि मला त्याला थांबवता आलं नाही.

तो तरीही कान लावून बसायचा. नॉर्मा म्हणाली, "क्लिफ, यात आता काही नाही रे."

"मला येतं ऐकू," तो म्हणाला.

नॉर्मा गेली. क्लिफर्डशिवाय ते गुपित जाणणारं दुसरं कुणी उरलं नाही. क्लिफर्डला ऐंशी उलटल्यावर विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग गॅस, मग रस्ता. ग्लेनिसने त्याला टेकडीखालच्या वृद्धाश्रमात ठेवलं. सामान बांधताना तिने मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं होतं. त्याने खाली वाकून मला बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं. तिथे मला चालवणारं यंत्र नव्हतं. त्याला त्याची गरजही नव्हती. तो मला धरून बसायचा, बस.

ग्लेनिस आता पन्नाशी ओलांडलेली होती. महिन्यातून एकदा गाडी चालवत यायची. तो तिला ओळखत नसे, पण बाईमाणूस म्हणून अदबीने बोलायचा.

नोव्हेंबरातली दुपार होती. बैठकीच्या खोलीत टीव्ही लागलेला. टेंडाई नावाची झिंबाब्वेची परिचारिका म्हाताऱ्यांना चहा देता देता हसत होती.

"काय बाई हे साहेब!" ती ग्लेनिसला म्हणाली. "माझ्या जन्माच्या आधीचं आहे, पण लागलं की हातातलं काम राहतं बघा."

ग्लेनिसने पाहिलं. तलाव, शिट्टी. तिच्या कपाळावर तीच आठी आली. "चॅनल बदलता का जरा? या मालिकेने आमचं घर..." आणि तेवढ्यात डोरीन म्हणाली, साहेब, उभे राहा.

आणि ईनिड हसली. स्वच्छ, जशी त्या दिवशी हसली होती तशी.

क्लिफर्डने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर दिवा लागला.

ग्लेनिसच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मागे घ्या," ती म्हणाली. टेंडाईला कळेना. "जरा मागे घ्या हो. तेवढंच."

टेंडाईने बटण दाबून मागे घेतलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ग्लेनिस खुर्चीतून उतरून बापाच्या पायाशी खाली बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पाठीवरच्या पेन्सिलीच्या आकड्याकडे पाहिलं.

"बाबा. हे ऐकत होतात? रोज? आईला?"

"हळू बोला, बाई," तो म्हणाला. "माझी बायको आहे त्या गर्दीत."

"बाबा, मला का नाही सांगितलंत? मी काय काय बोलले तुम्हाला. एवढी वर्षं..." ती रडू लागली. तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

कुणीतरी परकी बाई रडतेय म्हणून तो बावरला. मग त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून हळूच म्हणाला,

"तुम्ही भल्या दिसता म्हणून सांगतो. मला एक मुलगी आहे. ग्लेनिस. तिला यातलं काही कळू देऊ नका हं. तिला फार लागेल."

ग्लेनिसने मान हलवली. "नाही सांगणार," ती म्हणाली.

फेब्रुवारीत तो गेला. तोवर ती दर आठवड्याला आली, पण त्याने तिला ओळखलं नाही.

आता मी ब्रिस्टलला तिच्या कपाटात असते. एकदा ती मला घेऊन एका दुकानात गेली होती. दुकानदाराने तपासून सांगितलं, "बाकी सगळं ठीक आहे, पण एका जागी काहीच उरलेलं नाही. तेवढं कापून टाकू?"

"नको," ती म्हणाली. "माझे वडील तिथे बसायचे."

बाजारात मालिकेची स्वच्छ तबकडी, म्हणजे डीव्हीडी, मिळते; ती तिने आणली आहे. तिच्यात ईनिड हसते, आणि तीनशे लोक हसतात, ज्यांतले बरेचसे आता नाहीत. उद्या तुमच्या घरी असलं काही जुनं लागलं आणि मागे माणसं हसली, तर आवाज थोडा मोठा ठेवा. घरात कुणी टीव्हीला कान लावून बसलं असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा, आणि काय ऐकतोयस म्हणून एकदा विचारा. ग्लेनिसने विचारलं नाही, क्लिफर्डने सांगितलं नाही, आणि मला तर तोंडच नव्हतं.

येते मी. फार बोलले. माझ्यात आता आवाज असा उरलेला नाही.